पारनेर नगरपंचायत : कंत्राटी कर्मचारी आणि सार्वजनिक इमारती

पारनेर नगरपंचायत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर या तालुक्याच्या गावची नागरी स्वराज्य संस्था. सेनापती बापट यांचे हे जन्मगाव. तालुक्यांच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण राज्य शासनाने 2014 मध्ये घेतले. पारनेरची ग्रामपंचायत त्याच लाटेत नगरपंचायत झाली. प्रभाग 17, प्रत्येकी एक नगरसेवक. कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. राज्यभर हे नाव गाजले ते मात्र कारभारामुळे नव्हे. जुलै 2020 मध्ये शिवसेनेचे पाच नगरसेवक बारामतीला जाऊन अजित पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत गेले आणि चार-पाच दिवसांत शिवसेनेत परतले. दोन्ही पक्ष तेव्हा एकाच सरकारात होते.

कर्मचारी. दर्जा बदलला तरी झाडू मारणारी, पाणी सोडणारी, दिवाबत्ती पाहणारी माणसे तीच राहतात, आणि गुंता तिथेच सुरू होतो. नगरपंचायतीला किती पदे ठेवता येतील हे शासनमान्य आकृतिबंध ठरवतो. जुन्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे त्या पदांवर समावेशन करताना शैक्षणिक पात्रता, ज्येष्ठता, नेमणुकीची कागदपत्रे तपासली जातात; जे बसत नाहीत ते वर्षानुवर्षे अधांतरी राहतात. समावेशनाची मागणी राज्यातील अनेक नव्या नगरपंचायतींत उपोषणे आणि कामबंद आंदोलनांपर्यंत गेली. मुख्याधिकारी, लेखापाल, अभियंता हे राज्यस्तरीय संवर्गातले. ते बदलीने येतात, बदलीने जातात. उरलेले काम, विशेषतः साफसफाई आणि पाणीपुरवठ्याचे, निविदा काढून ठेकेदाराकडे सोपवले जाते. सभागृहात मंजूर होतो तो ठेका. माणसाची नेमणूक नव्हे. त्यामुळे दहा वर्षे एकच गल्ली झाडणारा कामगार कागदावर दर ठेक्यागणिक नवा असतो. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने, म्हणजे नगरपंचायतीने, द्यावी अशी तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. 2020 च्या कामगार संहितेतही ती कायम आहे. भविष्य निर्वाह निधी खरोखर भरला जातो का, हे बिल मंजूर करण्यापूर्वी पाहणे ही या साऱ्यातली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी. नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत ठेक्यात हितसंबंध असेल, तर 1965 च्या अधिनियमाच्या कलम 16 नुसार तो अपात्र ठरू शकतो. नातलगांच्या नावावरचे ठेके हा यातला नेहमीचा वाद.

इमारती. तालुक्याच्या गावात सरकारी इमारती पुष्कळ, पण नगरपंचायतीच्या मालकीच्या थोड्या. तहसील कचेरी शासनाची, पंचायत समिती आणि प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडच्या, बसस्थानक एसटी महामंडळाचे. नगरपंचायतीकडे येतात त्या ग्रामपंचायतीकडून आलेल्या मिळकती : कार्यालय, व्यापारी गाळे, सभागृह, स्मशानभूमी. स्थावर मिळकत भाड्याने देण्याचे नियम कलम 92 मध्ये आहेत. एका वेळी तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा नगरपंचायत देऊ शकते. भाडेकरूला पक्के बांधकाम करता येत नाही आणि तीन वर्षांपुढे पट्टा वाढवायला वरिष्ठांची परवानगी लागते. प्रत्यक्षात पट्टा संपतो आणि गाळेधारक तिथेच राहतो. फेरलिलाव काढला तर मतदार दुखावतात, न काढला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. अनेकदा नगरपंचायत आक्षेप पत्करते. सभागृह लग्नाला, सभेला किंवा अभ्यासिकेला देताना भाड्याचा दर ठरावाने आधीच निश्चित असेल तर वाद कमी होतात, कारण मग 'कोणाला फुकट दिले' हा प्रश्न उरत नाही.

नियंत्रण. बेकायदा किंवा नुकसानकारक ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम 308 खाली स्थगित करू शकतात. नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार आहे. राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठी आंदोलन करणारे अण्णा हजारे याच तालुक्यातील राळेगणसिद्धीचे. केंद्राचा कायदा 2005 चा. ठेक्याचा करारनामा, हजेरीपट आणि गाळ्यांची भाडेनोंदवही ही तीन कागदपत्रे मागितली तरी वरच्या दोन्ही प्रकरणांचा बराच भाग उलगडतो.