वन्समोअरची कुळकथा

उरणच्या मोरा बंदराच्या माणसाला चित्रपट पहिल्याच खेपेस पुरता पाहावयास मिळणे ही एके काळी भाग्याचीच गोष्ट होती. कारण भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचा हुकूम अधिक मानते, आणि मोठ्या ओहोटीस जेटीपाशी गाळ उघडा पडला की खेपाच बंद राहतात. त्यामुळे मुंबईस दुपारच्या खेळाला गेलेल्या आमच्यासारख्यांना मध्यंतरानंतर, नायक-नायिकेचे अद्याप पुरते बिनसलेलेही नाही अशा घटकेस, अंधारात पायाने चपला चाचपीत उठावे लागे. आणि उरलेली कथा पुढच्या वारीत पाहावयाची तर तिकीट पुन्हा पुरते काढून, पाहिलेला अर्धा भाग पुन्हा पाहूनच. तेच तेच चित्रपट मी वारंवार पाहतो याबद्दल घरची माणसे आजवर मला नावे ठेवीत आली आहेत. या सवयीचे मूळ रसिकतेत नसून लाँचच्या वेळापत्रकात आहे, ही कबुली येथेच रुजू करून ठेवतो. उरण पेटा सरकारी दप्तरात पनवेल तालुक्यात मोडत असे त्या काळापासून आमची येथली माणसे पाण्याच्या मर्जीने वागत आली. चित्रपट तेवढा अपवाद कसा ठरावा?

परंतु माझ्या एकट्याची सवय बाजूस ठेवून या वहिवाटीचे कूळ शोधू गेल्यास ते चित्रपटगृहात सापडत नाही. ते नाटकाच्या थिएटरात सापडते, आणि ‘वन्समोअर’ हा एक शब्द त्याची साक्ष देतो. पद पुन्हा हवे असता इंग्रज प्रेक्षक ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द उच्चारतो. फ्रेंच प्रेक्षक त्याच प्रसंगी ‘बिस’ हा लॅटिन शब्द काढतो. आणि मराठी प्रेक्षकाने इंग्रजीतले दोन शब्द उचलून त्यांचा सांधा असा बेमालूम बुजवला की तो शब्द आता मिळतो, घेतला जातो, आणि एखाद्या रात्री न मिळाल्यास नटाचा चेहराही उतरवतो. आपली मागणी परभाषेत मांडल्यावाचून तिला वजन येत नाही, अशी जगभरच्या रसिकांची समजूत असावी.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, आणि पुढे बालगंधर्वांच्या काळात, प्रेक्षकाने हुकूम करावा व विरहाने व्याकूळ झालेल्या नायिकेने कथानक जागच्या जागी थांबवून तेच पद पुन्हा आळवावे, हा रिवाज इतका पक्का झाला की नाटके पहाटेपर्यंत चालत. यात ध्यानात धरण्याजोगी बाब अशी की, दुसऱ्यांदा म्हटलेले पद पहिल्यासारखे नसे. गाणारा नव्या वाटेने समेवर येई. जाणकार श्रोता ‘पुन्हा’ म्हणे, पण त्याला हवे असे ते निराळेच.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. एका घरी प्रेक्षकाचा हुकूम तत्काळ तामील होई. दुसऱ्या घरी पडद्यावरच्या राजाला तो ऐकूच जात नव्हता. मग प्रेक्षकाने आपली मागणी खेळातून काढून तिकिटाच्या खिडकीवर नेली. ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला तो अशाच पुन्हा पुन्हा दिलेल्या पैशांवर. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम दर खेळास तेच बोलत होते, आणि लोकांना त्यात काही एक उणे वाटत नव्हते.

‘मॅटिनी’ हा शब्द मूळ फ्रेंच, ‘सकाळ’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला. युरोपच्या नाट्यगृहांत तो दुपारकडे सरकला, आणि मुंबईत आल्यावर जुन्या चित्रपटांचे निवृत्तिवेतन होऊन बसला. ‘शोले’ने हे वेतन राजेशाही थाटात घेतले: १५ ऑगस्ट १९७५ पासून मिनर्व्हा थिएटरात तीन वर्षे नियमित खेळांत, आणि पुढची दोन मॅटिनीत. आमच्या बाजूस त्याचे अगत्य अधिक, कारण त्यातील रेल्वेवरील दरोड्याचे चित्रण पनवेलजवळच्या लोहमार्गावर सात आठवड्यांहून अधिक काळ चालले होते. पहिल्या खेपेस मी जय आणि वीरू पाहिले. दुसऱ्या खेपेस घोडे. तिसऱ्या खेपेस मात्र रुळालगतची खडी आणि वाळके गवत पाहू लागलो, आणि पनवेलास दौडणारे हे डाकू कर्नाटकातल्या रामनगरास उभारलेल्या गावावर चाल करून कसे जातात, या भौगोलिक चमत्काराने मला गब्बरपेक्षा अधिक गुंगवले. त्याच चित्रपटाच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि खपल्या. म्हणजे लोकांनी तो कानांनीही पुन्हा पाहिला. शेवट ठाऊक झाला की जीव मोकळा होतो, आणि डोळा मुख्य रस्ता सोडून आडवाटांनी हिंडू लागतो. नायकाच्या पाठीमागे चहाचा पेला घेऊन उभा असलेला अनाम इसम पहिल्या खेपेस कोणी पाहिला आहे?

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा वन्समोअर देण्याचा अखत्यार सरकारकडे गेला. शनिवारच्या मराठी चित्रपटास आळीतल्या एका संचापुढे सारी आळी बसे, आणि कोणता चित्रपट पुन्हा लागावा हे विचारण्याची सोय कोणासच नव्हती. फिती महाग असल्याने जुने कित्येक कार्यक्रम पुसून त्यांवर नवे घेतले गेले. त्यांच्या वन्समोअरची वाटच खुंटली. ‘रामायण’ मात्र १९८७ नंतर २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा आले, आणि नातवंडांच्या अगोदर आजोबाच संचापुढे येऊन बसले.

आता हुकूम पुन्हा प्रेक्षकाच्या अंगठ्याशी आला आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मोऱ्याच्या लाँचवर माझ्या समोरच्या फळीवर एक तरुण मासळीच्या रिकाम्या टोपलीला मोबाइल टेकवून ‘अशी ही बनवाबनवी’ पाहत होता. १९८८ चा चित्रपट, म्हणजे त्याच्या जन्माआधीचा, आणि तोही १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला, अर्थात स्वतःच एक वन्समोअर. अर्ध्या खाडीत नेटवर्क गेले आणि चित्र जागच्या जागी थिजले. तेव्हा मागच्या फळीवरून कोळणीच्या आवाजात पुढचे वाक्य आले, त्याला टपावरून उत्तर आले, आणि टोपलीवाल्याने मोबाइल खिशात टाकून तिसऱ्या पात्राचे काम अंगावर घेतले. लाँच धक्क्याला लागेपर्यंत घरमालकाची भूमिका तेवढी कोणी घ्यायला तयार नव्हते. ती शेवटी मला करावी लागली.