ठसा, खिळा आणि जिनवाणी

रिद्धपूर हे पोथ्यांचे गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात येथे लीळाचरित्राच्या संकलनाचे कार्य केले. महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ जपले. आपल्या पूर्वजांनीही कारंजा (लाड) येथील शास्त्रभांडारांत हस्तलिखितांचे असेच रक्षण केले. परंतु रक्षण आणि प्रसार ही दोन निराळी कर्तव्ये होत. त्यांपैकी दुसरे वऱ्हाडात कसे पार पडले, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

कापडाच्या व्यापाऱ्यास ठसा अपरिचित नाही. सागवानी ठोकळ्यावर वेलबुट्टी कोरून रंगारी कापड छापीत. एकच नक्षी पुनःपुन्हा उमटवावयास लाकडी ठसा उत्तम; ग्रंथ छापावयास मात्र तो अपुरा, कारण प्रत्येक पृष्ठासाठी नवी फळी कोरावी लागते आणि एक अक्षर चुकले तरी दुरुस्ती कठीण. शिशाच्या सुट्या खिळ्यांनी ही अडचण दूर केली. पृष्ठ छापून झाले की खिळे सोडवून पुन्हा जुळवावयाचे. लाकूड उरले ते जाहिरातींच्या ठळक अक्षरांपुरते आणि चित्रांच्या ठशांपुरते. देवनागरीतील काना, मात्रा व जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्याच्या पेटीत शेकडो खिळे असत, आणि प्रत्येक ओळ उलटी वाचून जुळवावी लागे.

धर्मग्रंथ छापण्यास आरंभी समाजात तीव्र विरोध होता. शाई लावण्याचे रूळ सरसाचे असत आणि सरस प्राणिज. शिवाय छापील पाने कोठेही पडून शास्त्राची आशातना होईल, ही भीती होती. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्यांची ही शंका क्षुल्लक नव्हती. तथापि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या धुरीणांनी मुद्रणाचा पुरस्कार केला. ग्रंथ कुलुपात राहून कसरीच्या भक्ष्यस्थानी पडणे, हीसुद्धा आशातनाच नव्हे काय?

या प्रश्नाचे कृतिरूप उत्तर अमरावतीने दिले. आचार्य वीरसेनांची षट्खंडागमावरील धवला टीका मूडबिद्रीस ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होती. विसाव्या शतकात तिच्या नागरी प्रती उत्तरेस पोहोचल्या. कारंजा व अमरावती येथेही आल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी सहकारी पंडितांसह त्या ताडून पाहिल्या. विदिशेचे श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद यांच्या दानातून साहित्योद्धारक फंड उभा राहिला आणि १९३९ साली पहिला भाग अमरावतीच्या सरस्वती प्रिंटिंग प्रेसमध्ये छापून प्रसिद्ध झाला. प्राकृत मूळ, संस्कृत-प्राकृतमिश्रित टीका आणि हिंदी अनुवाद हे सारे एकेक खिळा जुळवून साकारले. पुढे हे कार्य सोळा भागांत पूर्ण झाले. जे शास्त्र शतकानुशतके दर्शनापुरते होते, ते सामान्य श्रावकाच्या स्वाध्यायात आले.

ऑफसेट व संगणक आल्यावर खिळ्यांच्या पेट्या मोडीत गेल्या. समाजबांधवांच्या घरी जुने ठसे किंवा त्या काळचे छापील ग्रंथ असतील, तर ते रद्दीत न देता मंदिराच्या ग्रंथालयास अर्पण करावेत. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी हेही एक शास्त्रदानच ठरेल.

जय जिनेंद्र!