पीटर बेनवा : गाणं आपल्या भाषेत, आणि शाळासुद्धा

आजच्या भागातलं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. युरोपियन संगीत म्हटलं की बेथोव्हेन, शोपँ, वाग्नर आठवतात. पीटर बेनवा कुणाला आठवत नाही. पण ‘आपली भाषा की करिअर?’ हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर हा माणूस तुमच्या ओळखीचा वाटेल.

आधी थोडं बॅकग्राउंड. बेल्जियम १८३० साली नेदरलँड्सपासून वेगळा झाला. देशातले निम्म्याहून जास्त लोक घरी फ्लेमिश बोलायचे, म्हणजे डच भाषेच्या तिथल्या बोली. पण सरकारी कामकाज, कोर्ट, वरचं शिक्षण सगळं फ्रेंचमध्ये. फ्लेमिश ही शेतकऱ्या-कामगारांची भाषा, पुढं जायचं तर फ्रेंच शिका, असा एकूण मामला. १८६० मध्ये दोन फ्लेमिश कामगारांना शार्लरुआ शहरात खुनासाठी देहदंड झाला. खटला फ्रेंचमध्ये चालला, आणि ती भाषा त्यांना धड कळत नव्हती. फ्लँडर्समध्ये त्याचा राग पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला.

बेनवा याच फ्लँडर्सचा. १७ ऑगस्ट १८३४ चा जन्म, गाव हारेलबेके. ब्रुसेल्सच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात शिकला आणि १८५७ मध्ये बेल्जियमचं मानाचं ‘प्री द रोम’ पारितोषिक त्याने जिंकलं. कशासाठी? तर फ्रेंच शब्दांवर रचलेल्या एका कँटाटासाठी. (कँटाटा म्हणजे गायक, कोरस आणि वाद्यवृंद यांनी मिळून सादर करायची मोठी रचना.) तेव्हा तो स्वतःचं नावही फ्रेंच पद्धतीने ‘पिएर’ असं लावायचा.

मग जर्मनीचा दौरा झाला आणि १८५९ मध्ये तो पॅरिसला पोचला. तिथे त्याचा एक ऑपेरा एका नावाजलेल्या थिएटरने स्वीकारला, पण रंगमंचावर काही आणला नाही. त्या काळात हा पठ्ठ्या ओफेनबाखच्या थिएटरात वाद्यवृंद सांभाळत होता. १८६३ मध्ये तो मायदेशी परतला.

इथून त्याची दिशा बदलली. ‘पिएर’चा ‘पीटर’ झाला. १८६६ मध्ये ‘लुसिफर’ हा ऑरेटोरिओ आला, म्हणजे अभिनयाशिवाय गायली जाणारी मोठी संगीतकथा, आणि तीही फ्लेमिशमध्ये. दोन वर्षांनी अँटवर्पच्या शेल्डे नदीवर आणखी एक. १८७३ मध्ये ‘युद्ध’ नावाचा.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १८६७ मध्ये अँटवर्पला सुरू झालेली फ्लेमिश संगीतशाळा. वयाची पस्तिशीही झाली नव्हती आणि तो तिचा प्रमुख होता. शाळेचा नियम सरळ होता: शिकवायचं ते मुलांच्या भाषेतून. त्याचं म्हणणं असं, की माणूस ज्या भाषेत वाढतो तिची लय त्याच्या कानात बसलेली असते, आणि संगीतकाराची चाल तिथूनच उगवते. मग ती भाषा वर्गाच्या बाहेर ठेवून कसं चालेल?

लक्षात घ्या, आपल्या भाषेतली गाणी सगळ्यांनाच आवडतात. सणासमारंभात टाळ्या मिळतात, भाषणात कौतुक होतं. पण त्याच भाषेतून स्वरलेखन आणि संगीताचे नियम शिकवायचे म्हटलं की लोक म्हणतात, ‘हे जमणार नाही, शब्दच कुठे आहेत?’ बेनवाने वाद घालत बसण्यापेक्षा शाळा चालवून दाखवली.

त्याचा सगळ्यात गाजलेला दिवस १८७७ चा. चित्रकार रुबेन्सच्या जन्माला ३०० वर्षं झाली होती. अँटवर्पच्या कॅथेड्रलशेजारच्या चौकात, उघड्यावर, बेनवाची रुबेन्स कँटाटा सादर झाली. प्रचंड कोरस, आणि साथीला कॅथेड्रलच्या मनोऱ्यातल्या घंटा! तिकीट काढून थिएटरात न जाणाऱ्या माणसालाही ऐकता यावं असं हे संगीत होतं.

१८९८ मध्ये त्याच्या शाळेला ‘रॉयल फ्लेमिश कॉन्झर्वेटरी’चा दर्जा मिळाला, म्हणजे ३१ वर्षांनी. आणि त्याच वर्षी बेल्जियममध्ये कायद्याच्या मजकुरासाठी डचला फ्रेंचच्या बरोबरीचं स्थान देणारा कायदा झाला. फ्लँडर्समधलंच गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच व्हायला मात्र १९३० साल उजाडावं लागलं. म्हणजे बेनवाची शाळा किती आधीची होती, बघा.

याची किंमत त्याने मोजली का? मोजली. त्याच्या मोठ्या रचना शब्दांवर उभ्या आहेत, ते शब्द फ्लेमिश आहेत, आणि त्यांना भलामोठा कोरस लागतो. त्यामुळे बेल्जियमच्या बाहेर त्या क्वचितच वाजतात. पॅरिसला टिकून राहून फ्रेंचमध्येच लिहीत राहिला असता, तर कदाचित नाव जास्त पसरलं असतं. ८ मार्च १९०१ रोजी तो अँटवर्पलाच वारला.

पण त्याच्या मागे यान ब्लॉक्स या त्याच्याच विद्यार्थ्याने संस्था पुढे नेली, आणि अँटवर्पची ती कॉन्झर्वेटरी आजही चालू आहे. जगभर नाव होणं आणि आपल्या मुलांसाठी दार उघडणं, यात बेनवाने दुसरं निवडलं. तुम्ही काय निवडलं असतं? कमेंटमध्ये सांगा, मराठीत सांगितलंत तर उत्तमच. आणि आज रात्री इअरफोन लावून रुबेन्स कँटाटा शोधून ऐका. घंटांचा तुकडा आला की आवाज थोडा वाढवा.

भेटू पुढच्या भागात!