पुणे-बेंगळूर : एका अंतराचा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची आज्ञा झाली. पुणे ते बेंगळूर हे अंतर सडकेने सुमारे ८४० किलोमीटर, तर आकाशमार्गे सव्वासातशेच्या आसपास भरते. विमानास दीड तास पुरतो. परंतु अंतर केवळ किलोमीटरांत मोजावयाचे नसते, हे आपणां परमुलखातील मंडळींना मी काय सांगावे?

१६३८ साली रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या स्वाधीन झाले. (ज्या केंपेगौडाने ते वसविले, त्याचेच नाव आज आपल्या विमानतळास आहे. काळ असे हिशेब सावकाश पुरे करतो.) बाल शिवाजीराजे मातोश्री जिजाबाईंसह येथे काही काळ राहिले व १६४२ च्या सुमारास पुण्याकडे गेले. तेव्हापासून पिता कर्नाटकात, पुत्र मावळात. मध्ये कृष्णा आणि तुंगभद्रा. निरोप जायचा तो जासुदाच्या पायांनी किंवा घोड्यावरून.

माघ शुद्ध पंचमी, शके १५८५, म्हणजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. हे गाव आजच्या दावणगेरे जिल्ह्यात आहे आणि राजांची समाधी तेथेच आहे. शिवाजीराजे त्या समयी सुरतेच्या स्वारीहून परतत होते. फेब्रुवारीच्या आरंभी ते राजगडास पोचले आणि तेथे त्यांना ही वार्ता कळली. सती जाण्यास निघालेल्या मातोश्रींना त्यांनी कसे परावृत्त केले, ते सभासदाने लिहून ठेवले आहे. होदिगेरे ते राजगड सरळ रेषेत जेमतेम सव्वापाचशे किलोमीटर. तरीही अंत्यदर्शनाचा प्रश्नच नव्हता.

थोरांशी तुलना करण्याचे औद्धत्य माझ्या ठायी नाही. तथापि १९९१ साली, नोकरीत नवा असताना, वाईहून वडील गेल्याची तार मला येथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली. तेव्हा मिरजेपर्यंत मीटरगेज होता. त्या गाडीत एक रात्र व एक दिवस काढावा, मिरजेस सामानासह फलाट बदलावा, साताऱ्यास उतरून एस. टी. धरावी. चौथ्या दिवशी घरी पोचलो. एकुलता एक मुलगा असून अग्नी चुलतभावाने दिला होता. अस्थींचे गाडगे कृष्णेकाठी झाडाला टांगलेले होते, तेवढे मला दाखविण्यात आले.

पुढे ब्रॉडगेज झाला, घरोघर टेलिफोन आले आणि २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली.

२०२२ च्या जानेवारीत आई गेली. पहाटे तीनला फोन आला, सकाळचे विमान मिळाले. घरापासून देवनहळ्ळीपर्यंत मोटारीस जो वेळ लागला, त्याहून विमानास फारसा अधिक लागला नाही! पुण्याहून टॅक्सीने दुपारी वाईस पोचलो. घाटावर सारे थांबले होते. तोच चुलतभाऊ, आता काठी टेकीत चालणारा, पुढे आला आणि त्याने मडके माझ्या हाती दिले.