न बोलणारा रोगी

नवजात बालक हा वैद्यकातील सर्वांत अवघड रोगी होय. कोठे दुखते हे त्यास सांगता येत नाही, आणि आजार विकोपास जावयास एक रात्र पुरते. लोंढ्याच्या स्टेशनावर उतरून खानापूरच्या रानातील वाडीकडे पायी निघणाऱ्या मातेस ही रात्र केवढी वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको.

ही अडचण प्राचीनांनीही ओळखली होती. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईस छापल्या गेलेल्या काश्यपसंहितेत 'वेदनाध्याय' नावाचे प्रकरण आहे. मूल डोके हलवून डोळे मिटू लागले तर डोके दुखत असावे, हात वारंवार कानाकडे नेऊ लागले तर कान, अशा खुणा त्यात दिल्या आहेत. रोगी बोलत नसेल तर वैद्याने पाहावयास शिकावे, हा त्यातील बोध.

पुढे १८१६ साली लाएनेकची नळी आली, १८९५ साली क्ष-किरण आले. परंतु ही साधने खेड्यापर्यंत पोहोचली नाहीत. १९८४ साली पापुआ न्यू गिनीतील फ्रँक शान यांनी खोकणाऱ्या मुलाचे नुसते श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो, असे मांडले. त्यातून पुढे प्रमाणे ठरली : दोन महिन्यांच्या आत मिनिटास ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० श्वास भरले की धोका समजावा.

पण ज्या दाईस आकडेच मोजता येत नाहीत, तिने काय करावे? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तिच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ यांचा श्वासमापक बनविला. दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली की न्यूमोनिया. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, गावातच औषध मिळालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णबालकांपैकी शेकडा ०.८ दगावली, जेथे ही सोय नव्हती तेथे शेकडा १३.५.

नंतर त्यांनी नवजात अर्भकांच्या जंतुदोषाकडे लक्ष वळविले. रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे सुटणे, गुंगी येणे, अंग थंड वा तप्त होणे, पोट फुगणे वा उलट्या-जुलाब होणे, कण्हणे वा छाती आत ओढली जाणे, कातडी वा नाळ पिकणे, या सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकदम दिसल्या तर गावच्या आरोग्यसेविकेने उपचार सुरू करावयाचे. या दोषाने दगावण्याचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले.

२०११ साली भारत सरकारने घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम 'आशा' कार्यकर्तीकडे सोपविले. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ती ठरलेल्या दिवशी बाळ पाहावयास येते. गंभीर आजारास रुग्णालय हवेच; तेथे वेळेवर निघावयाचे की नाही, हे मात्र उंबरठ्याच्या आत, श्वास मोजणाऱ्या स्त्रीच्या नजरेवर ठरते.