लाकडी नांगर की लोखंडी?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो घ्यायला शेतकरी धजेनात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी समजूत! वर्गात हे सांगितलं की मुलं खो खो हसायची. मला मात्र त्या शेतकऱ्यांचा हिशेब वेडगळ वाटत नाही.

असं पाहा मंडळी, लाकडी नांगर बांधावरच्या बाभळीचा. मोडला तर गावचा सुतार नीट करायचा, फाळ लोहार पाजवून द्यायचा, दोघांचं बलुतं सुगीला धान्यात. रोकड लागायचीच नाही. लोखंडी नांगर रोखीने घ्यायचा, फाळ झिजला की नवा पुन्हा रोखीनेच. शिवाय काळ्या रानात तो ओढायला बैलांच्या तीन-चार जोड्या. दारात एकच जोडी असेल त्याने काय करायचं? सावड. शेजाऱ्यांचे बैल मागायचे, आपले द्यायचे. म्हणजे भाऊबंदकी असेल तर नांगरट बोंबलली!

तरी तो खपला. माझ्या मते, हरळी आणि कुंद्यामुळे. लाकडी नांगर माती नुसती फाडतो, लोखंडी उलथवून टाकतो. खोलवरची मुळं वर येतात आणि उन्हाळ्यात करपतात. हे शेजारच्या रानात दिसल्यावर विषाची गोष्ट कोण ऐकतो? १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

असो. सध्या आमचा पुतण्या ट्रॅक्टर-ट्रॉली घ्यायची म्हणतोय. किती अश्वशक्तीचा, एवढंच विचारत फिरतो. मी म्हटलं, "अरे, मिस्त्री कुठे मिळेल?"

"तालुक्याला, काका."