तारखेचा मुक्काम

१९०५ साली इंग्रज सरकारने वाशीम जिल्हा मोडला आणि वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडून दिले. दप्तरात ही केवळ कारभाराची सोय होती. परंतु ज्या रयतेस जिल्हा कचेरीत अर्ज गुदरावयाचा किंवा कज्ज्याच्या तारखेस हजर राहावयाचे, तिला मेडशी-पातूरमार्गे सुमारे ५० मैलांची वाट तुडवणे भाग पडले, आणि तारीख पुढे ढकलली गेली म्हणजे परगावी रात्र कोठे काढावी, ही विवंचना तिच्या वाट्यास आली. दौऱ्यावरील अंमलदारासाठी डाकबंगला होता, त्यात खानसामाही होता. मात्र ज्यास सरकारच समन्स धाडून बोलावी, त्या कुणब्याने देवळाची ओसरी, सोयऱ्याचे घर, नाहीतर वकिलाची पडवी शोधावी, असा रिवाज पडला. वकिलाने पक्षकारास पथारीपुरती जागा द्यावी, यात औदार्य किती आणि व्यवहार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कारंज्याची तऱ्हा निराळी. कापसाच्या व्यापारावर पोसलेले हे गाव मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या फाट्यावर होते. मूर्तिजापुरास गाडी बदलली की मुंबईचा मार्ग मोकळा. तिकडे जाणाऱ्या दिगंबर जैन गृहस्थांसाठी शेठ माणिकचंद हिराचंद यांनी सी. पी. टँकजवळ हिराबाग ही धर्मशाळा उभारलेली होती. तेथेच नाथूराम प्रेमींचे ग्रंथप्रकाशनही असल्यामुळे, ज्या कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश पोथ्या १९३० नंतर छापून निघू लागल्या, तेथील एखाद्या जिज्ञासूस मुक्काम आणि विद्याव्यासंग एकाच आवारात साधता येण्यासारखा होता.

परंतु जुन्या धर्मशाळांच्या वहीत नाव-गावाबरोबर जातही विचारली जाई. मुनीमजींनी बोरू दौतीत बुडवून तो प्रश्न केला, की काखेत वळकटी आणि फडक्यात भाकर-ठेचा बांधून आलेल्या कित्येकांस पायरीवरूनच परतावे लागे. दाता पुण्यवान असला, तरी त्याचे पुण्य उंबरठ्याशी थबकत असे. हे वैगुण्य ज्याने ओळखले, तो वऱ्हाडातलाच, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास आजोळी वाढलेला एक परीट होता. गाडगे महाराजांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली, ती पुढे १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली; नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र त्यांपैकी कोणत्याही वास्तूत वतनदारासारखे न राहता ते खापर आणि खराटा घेऊन फिरत राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि राजधानी नागपुराहून थेट समुद्रकाठी गेली. तेव्हापासून बदलीचा अर्ज, शाळेचे अनुदान, धरणाचा मोबदला अशा कामांसाठी निघालेला वाशीमकर आमदाराची चिठ्ठी खिशात घालून आमदार निवासाच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने निजू लागला. त्या खोलीत मतदारसंघ अक्षरशः उशाशी असे.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा झाला, आणि जिल्हा कचेरीच्या कामासाठी अकोल्यास मुक्काम करण्याची गरज सरली. परळच्या टाटा रुग्णालयाची गरज अर्थातच सरली नाही. तेथे उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबास हॉटेलचे भाडे परवडत नाही, आणि मग दादरला गाडगे महाराजांच्याच नावाच्या धर्मशाळेत जागा रिकामी आहे काय, याची चौकशी गाडीत बसण्यापूर्वीच सुरू होते.